वाट सांगितल्याचे पैसे

माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखन तर त्याहून वाईट आहे. ऱ्हस्व कुठे द्यायचं आणि दीर्घ कुठे, हे शिकवायला लागेपर्यंत माझी शाळा सुटली होती. तेव्हा ही वही कुणाच्या हाती पडली तर त्याने आधी माफ करावं आणि मग वाचावं. मुलीच्या बारावीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, तीच वापरते आहे. दुपारचं काम संपल्यावर आणि संध्याकाळचं सुरू व्हायच्या आधी तासभर मिळतो, तेव्हा लिहिते. घरात कुणाला माहीत नाही. लपवण्यासारखं यात काही नाही, पण कुणी बघत असलं की माझा हात चालत नाही.

मी कोपरखैरण्याला राहते. नवरा मसाला मार्केटला माथाडी आहे, पोती उचलतो. मी घरी भाकऱ्या करून देते. आठ-दहा घरं धरलेली आहेत. कुणाला ज्वारीची लागते, कुणाला बाजरीची, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून कुणाला नाचणीची. त्यातलं एक घर बाईंचं. त्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त झाल्या आहेत आणि समोरच्या सोसायटीत एकट्या राहतात. सकाळी दोन भाकऱ्या, संध्याकाळी दोन.

तीन वर्षांपूर्वी मला साखर निघाली. बाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांना नाचणी खायला घालतेस आणि स्वतः काय करतेस? उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर चालायला यायचं." नाही म्हणायचं मला जमत नाही, म्हणून गेले.

अशी मी फिरायच्या ग्रुपमध्ये आले. आम्ही नऊ जणी. गार्डनला आतून गोल रस्ता आहे, त्याला सात राउंड मारायचे आणि मग बाकावर बसायचं. बाकीच्या जोडीजोडीने बोलत चालायच्या, मी मागून. कुणी काही विचारलं तर "हो" किंवा "नाही" म्हणायचे. त्यांनाही सवय झाली होती. मी आहे की नाही हे बघायला कुणी मागे वळत नसे, आणि मला ते बरंच वाटायचं.

शुक्रवारी राउंड झाले की गेटवरच्या टपरीवर चहा. त्याचा नियम वहिनींनी घालून दिला होता. वहिनी म्हणजे ग्रुपच्या खजिनदार, आमच्याच साताऱ्याकडच्या, आवाज मोठा आणि जीभ त्याहून मोठी. सगळ्या त्यांना वहिनीच म्हणतात. नियम असा, की तुझं तू, माझं मी. कुणी कुणाला पाजायचं नाही. "आज हिने चहा पाजला की उद्या ती वडापाव आणते, परवा तिसरी इडली आणते, आणि मग चौथी चालायला यायचीच बंद होते," असं वहिनी म्हणायच्या. मी माझे दहा रुपये रुमालात बांधून न्यायचे आणि सगळ्यांच्या आधी टपरीवर ठेवायचे. मला त्या ग्रुपमधलं सगळ्यात काय आवडायचं असं कुणी विचारलं असतं तर मी हे दहा रुपये सांगितले असते. त्या बाकावर कुणी साहेबाची बायको होती, कुणाचं स्वतःचं मेडिकल होतं. दहा रुपये मात्र सगळ्यांचे सारखे होते.

गेल्या वर्षी आषाढ संपत आला तेव्हा वहिनींनी टूम काढली. "गोल गोल फिरून चक्कर यायला लागली मला. एकदा खऱ्या डोंगरावर जाऊ." शनिवार-रविवार, घाटावरचं एक पठार, गावात एका घरी मुक्काम, जेवण आणि मिनीबस धरून माणशी चोवीसशे. सगळ्या तयार झाल्या. मी म्हणाले, मला भाकऱ्यांची ऑर्डर आहे.

दुसऱ्या दिवशी मी डबा द्यायला गेले तेव्हा बाईंनी दारातच विचारलं, "ऑर्डर कसली गं? श्रावणात दोन दिवस कोण मरतंय तुझ्या भाकरीवाचून?"

मी खरं ते सांगितलं. मुलीची कॉलेजची फी नुकतीच भरली होती, चोवीसशे नव्हते. आणि कसं कोण जाणे, जे कुणी विचारलं नव्हतं तेही तोंडातून गेलं. माझं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला आहे. आमच्याकडे डोंगराच्या सपाट माथ्याला सडा म्हणतात. गावात शाळा चौथीपर्यंतच होती, पाचवीची ओढ्यापलीकडच्या गावात, आणि पावसाळ्यात ओढा ओलांडता यायचा नाही. म्हणून चौथीनंतर लग्न होईपर्यंत मी सड्यावर गुरं राखली. लग्नानंतर गावाला गेले ती कायम मे महिन्यात, सुट्टीत, सगळं वाळून पिवळं झाल्यावर. पावसातला सडा बघून मला पंचवीस वर्षं झाली होती.

संध्याकाळी डबा न्यायला गेले तर बाई म्हणाल्या, "तुझे भरलेत मी. कधी जमतील तेव्हा दे."

माझी झोप उडाली. सकाळी जाऊन त्यांना म्हणाले, "बाई, दर महिन्याला माझ्या हिशेबातून चारशे कापायचे. सहा महिन्यांत फिटतील. आणि ग्रुपमध्ये कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू?" बाई म्हणाल्या. त्यांनी खरंच सांगितलं नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसायला लागला. "चिखलात चालायला चोवीसशे? गावाला चल, मी फुकट चालवतो." पण दोन दिवसांनी मार्केटमधून जाड प्लॅस्टिक घेऊन आला आणि त्याची डोक्यावरून घ्यायची खोळ करून दिली, आमचे गावाकडचे लोक लावणीला घेतात तशी. पायात मी बाजारातून अडीचशेचे प्लॅस्टिकचे पावसाळी बूट घेतले. बाकीच्यांनी मॉलमध्ये जाऊन घेतले होते. एकीच्या बुटांवर तर गुलाबी पट्टे होते. ही ताई आधी आमच्याच सेक्टरला राहायची, आता सीवूड्सला गेली आहे, तरी ग्रुप सोडवत नाही म्हणून आठवड्यातून दोनदा येते.

शनिवारी सकाळी निघालो, दुपारी गावात पोचलो. ज्यांच्याकडे उतरायचं होतं त्यांचं घर गावाच्या टोकाला होतं. मागे गोठा, समोर भाताची खाचरं. घरातले दादाच आम्हाला वाट दाखवणार होते. पिठलं-भात खाऊन आम्ही जवळच्या टेकाडावर जायला निघालो. पाऊस थांबत नव्हता, पण जोराचाही नव्हता. एकसारखा, बारीक, अंगात मुरणारा.

बांधावरून एकामागे एक चालायचं होतं. दादा म्हणाले, "पाय घट्ट असलेलं माणूस शेवटी ठेवा." त्यांच्याजवळ एक शिट्टी होती. शेवटच्या माणसाने ती गळ्यात घालायची, कुणी मागे राहिलं किंवा पडलं तर वाजवायची, म्हणजे पुढचे थांबतात. बाईंनी शिट्टी घेऊन माझ्या गळ्यात घातली. "ही राहील शेवटी. हिला सवय आहे." मी ती खोळीच्या आत टाकली. शिट्टी घालून चालायची मला लाज वाटत होती.

बांध संपला आणि चढ लागला. लाल माती, त्यावर पाण्याचे ओहोळ, आणि गुरांनी तुडवून केलेला रेंदा. पहिल्या दहा पावलांत दोघी बसल्या. गुलाबी पट्टे दिसेनासे झाले. मॉलच्या बुटांना कडक तळ, तो चिखलावर धरत नाही. माझ्या बुटांचा तळ मऊ होता, आणि पायांना जुनं आठवत होतं. चढताना अंगठा रोवायचा, उतरताना टाच, आणि हिरव्या दगडावर पाय द्यायचा नाही. मी एकीला मागून आधार दिला, दुसरीला हात दिला. दोघींच्या बॅगा जड झाल्या होत्या, त्या मी खांद्याला अडकवल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मला मजा येत होती. किती दिवसांनी मी कशात तरी पुढे होते.

तेव्हा वरून वहिनींनी बघितलं आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं हसून म्हणाल्या, "बाईंनी आपल्यासाठी हमाल आणलाय की गं! तरीच मी म्हणते, बाईंचे पैसे डबल का आले. वसूल झाले हो बाई."

सगळ्या हसल्या. वाईट मनाने कुणीच नाही. हसताना अजून एक जण चिखलात बसली आणि सगळ्या पुन्हा हसल्या.

हमाल म्हटल्याचं मला वाईट वाटलं नाही. माझ्या घरात मीठ येतं ते हमालीच्याच पैशाचं. पैशाचं सगळ्यांना कळलं, त्याचं वाटलं. वहिनी खजिनदार, सगळ्यांचे पैसे त्यांच्या मोबाइलवर आले, बाईंचे दोघींचे आले. त्यांनी हिशेब लावला. त्यात त्यांचीही चूक नाही. पण मी ज्या बॅगा आनंदाने उचलल्या होत्या, त्या आता खाली ठेवल्या तर राग आला असं दिसणार होतं, आणि उचलून चालले तर बाईंच्या पैशाची भरपाई करते असं दिसणार होतं. मी उचलून चालले.

संध्याकाळी सगळ्यांचे ओले कपडे चुलीवरच्या तारेला टांगले. बाकीच्या ओटीवर पाय शेकत बसल्या. मला कुठे बसावं कळेना. आत घरातल्या काकी तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. सवयीने मी त्यांच्याजवळ गेले आणि पिठाला हात घातला.

"असू द्या, असू द्या," काकी म्हणाल्या. "तुमी भाईर बसा ताई. पैशे भरून आलाय तुमी. काम करायला नाय आलाय."

मी हात धुतला आणि उंबऱ्याजवळ बसले, धड आत नाही आणि धड बाहेर नाही. जेवताना बाई हळूच म्हणाल्या, "मी सांगितलं नाही गं."

"माहितीये," मी म्हणाले.

रविवारी सकाळी पठारावर जायचं होतं. दादा म्हणाले, तुमच्या चालीने दीड तास जायला, दीड तास यायला, वर मधोमध तळं आहे, तळ्यापलीकडे अर्ध्या तासावर कडा आहे, खाली कोकण. "धुकं असलं तर तळ्यावरनंच परत. कड्याकडं जायचं नाय." मी पुन्हा शेवटी.

वर पोचलो आणि मला काही बोलताच येईना. तसंही मी बोलत नव्हतेच. गवत गुडघ्याएवढं, त्यात सोनकीची पिवळी फुलं नुकती लागलेली, दगडांच्या कडेने तेरडा. काळ्या कातळावर बोटभर पाणी, त्यावर चालताना पाऊल वाजतं. वास तोच होता. वाऱ्याने पाऊस आडवा होऊन तोंडावर मारत होता. चष्मेवाल्यांनी चष्मे काढून खिशात घातले होते, कारण पुसून उपयोग नव्हता. मी तोंड वर करून चालत होते. आदल्या दिवशीचं पैशाचं तेवढा वेळ मी विसरले, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

तळ्याशी येईपर्यंत धुकं उतरलं. वीस पावलांवरचं माणूस पुसट झालं. तिथेच सीवूड्सच्या ताईचा पाय दोन दगडांमध्ये मुरगळला. टेकवता येईना. दादांनी पाय दाबून बघितला आणि म्हणाले, "मोडला नाय. पन चालवनार नाय." तिला पाठीवर घेऊन खाली सोडून यायचं ठरलं. एवढ्या बायकांना दादांच्या वेगाने चालता आलं नसतं. "तुमी हितंच तळ्याकाठी थांबा. हलायचं नाय. दोनेक तासांत आलो." मोबाइलला रेंज नव्हतीच, आणि वहिनींचा मोबाइल तर भिजून बंद पडला होता.

आम्ही आठ जणी थांबलो. थांबल्यावर थंडी वाजायला लागली. आडोसा नाही, झाड नाही. बाईंचं वय सत्तरीच्या जवळ, त्यांचे ओठ निळे दिसायला लागले. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बसून गारठण्यापेक्षा राउंड मारू या. तळं गोलच आहे." सगळ्यांना पटलं. गार्डनमध्ये मारतो तसे. वहिनी मोठ्याने मोजायला लागल्या. "एक झाला गं बायांनो."

अंगात ऊब आली. चेष्टा-मस्करी सुरू झाली. "इथे टपरी पाहिजे होती." "दहा रुपये आणलेत का?" असं चाललं होतं. मी मागून चालत होते. तिसऱ्या राउंडला माझं खाली लक्ष गेलं. आम्ही गावाकडून आलो ती पावलं तळ्याच्या काठावर नीट उमटलेली होती, आणि आमचेच पाय ती तुडवत होते. पुढच्या राउंडला ती वाट कुठली हे सांगता आलं नसतं. काठाला सगळीकडे सारखाच चिखल झाला होता, सात राउंड मारलेल्या गार्डनसारखा.

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. मनात आलं, की पैसे न भरता आलेल्या बाईने थांबा म्हणायचं, आणि ते चुकीचं निघालं तर? दादा येणारच आहेत, असंही वाटलं. पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे, म्हणून हे लिहून ठेवते.

सातवा राउंड झाला. दोन तास झाले, दादा आले नाहीत. बाईंना हुडहुडी भरली होती, दात वाजत होते. वहिनी म्हणाल्या, "आता थांबून चालणार नाही, बाई आजारी पडतील. आपणच निघू, दादा वाटेत भेटतीलच. तो काळा दगड बघा, आपण त्याच्या बाजूने आलो."

काळे दगड सगळीकडे होते. पण आठवत कुणालाच नव्हतं, आणि वहिनी इतक्या खात्रीने बोलल्या की सगळ्या त्यांच्यामागे निघाल्या. मीसुद्धा निघाले. पन्नास-साठ पावलं गेलो असू. मग मला कळलं, की पाऊस माझ्या तोंडावर येतो आहे.

गोल फिरताना पाऊस कधी तोंडावर, कधी पाठीवर असतो, म्हणून कळलं नव्हतं. आता सरळ चाललो होतो आणि तो सरळ डोळ्यांत येत होता. गावाकडून येताना तो तोंडावर होता, चष्मे काढले होते सगळ्यांनी. श्रावणात सड्यावर वारा कड्याकडूनच येतो, कोकणातून वर चढतो. गुरं त्याच्याकडे पाठ करून उभी राहतात. परत गावाकडे जायचं तर पाऊस पाठीवर पाहिजे.

मी म्हणाले, "वहिनी, इकडं नको."

माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, वाऱ्याचा आवाज. पुन्हा म्हणाले. माझ्या पुढच्या ताईने मागे बघितलं, "काय गं?" म्हणाली आणि चालतच राहिली. त्यांच्या पाठी एकेक करून धुक्यात जायला लागल्या. वहिनी तर दिसतही नव्हत्या.

मी खोळीत हात घालून शिट्टी काढली आणि वाजवली. दोनदा वाजवली.

सगळ्या थांबल्या. वहिनी मागे आल्या. "कोण पडलं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "ही वाट कड्याकडं जाते."

"तुला काय माहीत?"

"येताना पाऊस तोंडावर होता. जाताना पण तोंडावर आहे. म्हणजे आपण अजून पुढंच चाललोय."

मग मेडिकलवाल्या ताई म्हणाल्या, "हो गं. येताना मी चष्मा काढला होता."

वहिनींनी तोंड वर करून पाऊस बघितला, जणू आत्ताच सुरू झाला आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "दोन-तीन वर्षांत पहिलं वाक्य बोललीस, बये. तेही शिट्टी मारून." मग म्हणाल्या, "हो पुढे."

मी पुढे झाले. पाठ पावसाकडे केली आणि चालायला लागले. तळ्याला वळसा घालून पलीकडे गेलो, आणि थोड्या वेळाने गुरांच्या खुरांची वाट लागली, खोल, पाण्याने भरलेली. बाईंनी माझा खांदा धरला होता. मला वाटत होतं, चुकलं असेल तर? पण पाऊस पाठीवर होता, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

अर्ध्या तासाने दादा समोरून आले. वाटेतला ओढा वाढला होता म्हणून त्यांना वळसा पडला होता. ते आधी रागावले. "हलायचं नाय म्हनलं हुतं ना?" मग आम्ही आधी कुठल्या बाजूला निघालो होतो ते वहिनींनी सांगितलं. दादांनी आपली घोंगडी बाईंच्या अंगावर टाकली आणि "चला" एवढंच म्हणाले.

घरी काकींनी बाईंना चुलीजवळ बसवून आल्याचं गरम पाणी पाजलं. तासाभरात त्यांच्या गालांवर रंग आला, आणि सीवूड्सच्या ताईचा सुजलेला पाय बघून त्या तिला शाळेतल्यासारखं बोलल्या, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं.

परतीच्या बसमध्ये वहिनी उभ्या राहिल्या. "ऐका गं सगळ्या. हिचे चोवीसशे बाईंनी भरलेत. ते आपण आठ जणी वाटून घेऊ. तीनशे-तीनशे. आज हिच्यामुळे घरी चाललोय."

"हो, हो," सगळ्या म्हणाल्या. दोघींनी पर्ससुद्धा उघडल्या.

"नको," मी म्हणाले.

"लाजू नको गं. काय एवढं टेन्शन घेतेस?"

"लाजत नाही." खरं तर लाजतच होते, कान तापले होते. पण बोलले. "आमच्या गावाकडं वाट सांगितल्याचे पैसे घेत नाहीत."

"अगं, तुला देतंय कोण? आम्ही बाईंना देतोय," वहिनी म्हणाल्या.

"ते तेच झालं."

खरंच तसं आहे आमच्याकडे. सड्यावर कुणी वाट चुकलं तर गुरं सोडून त्याला रस्त्याला लावायचं. कुणी पैसे काढले तर माझे वडील म्हणायचे, "वाट काय आमच्या बापाची हाय व्हय?" मी ते घेतले असते तर सड्यावर जे केलं ते चोवीसशेला विकलं असं झालं असतं. आणि बाकीचंही होतंच. मला पैसे भरून गेलेली व्हायचं होतं. त्यांनी वाटून घेतले असते तर एका बाईऐवजी आठ जणींचं देणं झालं असतं, आणि ते कधीच फिटलं नसतं. एवढं सगळं मला बसमध्ये सांगता आलं नाही.

बाई खिडकीपाशी डोळे मिटून बसल्या होत्या. न उघडता म्हणाल्या, "राहू दे गं. ती देईल." आणि तो विषय संपला.

पहिल्या महिन्याला चारशे कापले. दुसऱ्या महिन्याला बाईंनी माझ्या हातावर पूर्ण पैसे ठेवले, विसरल्यासारखं करून. मी त्यातले चारशे बाजूला काढून त्यांच्या टीव्हीशेजारी ठेवले. त्या "बरं" म्हणाल्या. मग त्या मुलाकडे पुण्याला गेल्या त्या दिवाळीनंतर आल्या, मधल्या काळात त्यांच्या भाकऱ्याच नाहीत तर कापणार कशातून. तेवढ्यात मी रबाळ्याला कंपनीत जाणाऱ्या एका नवरा-बायकोच्या डब्याच्या भाकऱ्या धरल्या. तेही चारशे बाजूला पडायला लागले.

वहिनींनी एकदा चालता चालता मागे राहून मला गाठलं. "त्या दिवशी चढावर मी जरा जास्तच बोलले का गं?"

"नाही," मी म्हणाले.

"बोलले," त्या म्हणाल्या. "माझा सासराही मार्केटलाच होता. जिभेला हाड नाही माझ्या." मग त्यांनी बाजरीच्या चार भाकऱ्यांची रोजची ऑर्डर दिली आणि भाव विचारला. मी सांगितला. त्यांनी दोन रुपये कमी करून मागितले, मी दिले नाहीत. तेव्हापासून आम्ही दोघी थोडं बोलतो.

शेवटचे चारशे मी फेब्रुवारीच्या शेवटी दिले. सकाळच्या भाकऱ्या घेऊन गेले आणि डब्याबरोबर नोटा पुढे केल्या, शंभराच्या चार. बाई आजवर माझे पैसे कधी मोजत नसत, तसेच कपाटात टाकायच्या. या वेळी मी म्हणाले, "मोजून घ्या बाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आत जाऊन चष्मा लावून आल्या, आणि उभ्या उभ्या चारही नोटा एकेक करून मोजल्या.

"बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "चोवीसशे पूर्ण झाले."